लिव्हरवाला डबा: भाकरी पास, ज्यूस नापास

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका ताईंकडून साडेचार महिने झाले दुपारचा डबा घेतोय, 'लिव्हर स्पेशल' म्हणून देतात त्या. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि धंदा त्यांचा लहान आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.

आधी माझं सांगतो. ऑफिसच्या चेकअपमधे सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 निघालं, एसजीपीटी (रक्ततपासणीतला लिव्हरचा आकडा, वाढला की लिव्हरला त्रास) 78, वजन 86 किलो. आता मी दारूला शिवत पण नाही, तरी रिपोर्ट बघून बायकोने असं काही बघितलं की बस. डॉक्टर बोलले त्याला दारूच लागते असं नाही, पोटाचा घेर, साखर आणि खुर्चीत बसणं पुरतं, म्हणून तर 2023 मधे या आजाराचं नावच बदललं, आता त्यात मेटाबॉलिक, म्हणजे चयापचयाशी संबंधित, हा शब्द आलाय. आणि गोळी लिहून न देता एवढंच सांगितलं की 5 टक्के वजन उतरलं तरी लिव्हरवरची चरबी कमी व्हायला लागते, 7 ते 10 टक्के उतरलं तर सूज पण उतरते. म्हणजे मला सहा किलो तरी. आईचं वेगळंच, काविळीत उसाचा रस देतात ना मग लिव्हरला गोड चांगलंच की, तिला समजावता समजावता माझं बीपी वाढलं.

तर डबा. 140 रुपये, दोन ज्वारीच्या भाकऱ्या (आठवड्यातून एकदा नाचणीची), एक उसळ, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक. भात नाही. पहिल्या आठवड्यात चार वाजता एवढी भूक लागायची की कोणाच्या ड्रॉवरमधे बिस्किटं आहेत ते मला पाठ झालं होतं. मग ताईंना फोन केला तर त्यांनी पैसे न वाढवता उसळ दुप्पट केली, तिथे मी त्यांचा झालो. मटकी अशी की दाणा न् दाणा अख्खा, मोड लांब, गोडा मसाला बेताचा, वर तेलाचा तवंग नाही. शेपू मी आयुष्यात खाल्ला नव्हता, त्यांचा मूगडाळ घातलेला खातो. शुक्रवारी 60 रुपये जास्त दिले तर तव्यावरचा बांगडा, तो मात्र कधी कधी जरा सुकलेला असतो.

आता तक्रारी. संकष्टीला 'उपवास स्पेशल' म्हणून साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी आणि गोड लस्सी आली, अहो लिव्हर स्पेशल ना हे? पावसात डबा दीड वाजता येतो, तो पण थंड.

पण खरा राग त्या ज्यूसवर आहे. 'लिव्हर डिटॉक्स', 90 रुपये बाटली, दुधी, बीट, सफरचंद आणि वर मध. महिनाभर घेतला मी. एक दिवस पहिलाच घोट कडूजहर लागला, थुंकला आणि बाटली सिंकमधे ओतली. ताई म्हणतात, "दादा, नॅचरल आहे, थोडं कडू असणारच." नाही हो ताई! कडू दुधीचा रस विषारी असतो, रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीयत, आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. दुधी चिरताना तुकडा चाखून बघायचा हे आमच्या आजीला पण माहीत होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले लिव्हर स्वतःच साफसफाईचं काम करतं, त्याला बाहेरून झाडूवाला कशाला, आणि फळाचा रस म्हणजे चोथा काढून उरलेली साखरच. वर हे पण बोलले की मनाने गुळवेल किंवा ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या सुरू करू नका, त्यांनी लिव्हर बिघडलेले पेशंट येतात. कॉफी मात्र चालते म्हणाले, बिनसाखरेची, ते ऐकून जीवात जीव आला.

डब्याचं क्रेडिट डब्याला, पण बाकीचं पण केलंय. चहा दिवसाला चार, प्रत्येकात दोन चमचे साखर, ती आधी अर्धी केली मग बंद. स्टेशनबाहेरचा वडापाव रोजचा होता तो आता शनिवारी एक. रात्री आठच्या आत जेवून तलावपाळीला चाळीस मिनिटं भरभर चालतो, आठवड्यातून पाच दिवस, तिथल्या आईस्क्रीमच्या गाड्यांकडे न बघता (दोनदा बघितलं). वजन आता 80, एसजीपीटी 41. सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे.

पाचपैकी साडेतीन देतो. डबा चालू ठेवलाय, ज्यूस बंद केलाय, आणि संकष्टीला फोन करून सांगतो की ताई मला उपवास नाही, भाकरीच पाठवा.