बाबांची मॅटाडोर आणि रिस्टोरेशनवाला

गाडी चोरीला गेली असती तर निदान एफआयआर तरी झाला असता. आमची गाडी खोलली गेली, आणि खोलून दिली ती आम्हीच. घरातली जुनी गाडी पुन्हा उभी करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गाडी म्हणजे १९८६ ची बजाज टेम्पोची मॅटाडोर व्हॅन. बाबांनी मागच्या सीटा काढून प्लायवूडचा पलंग बसवला होता, खाली भांड्यांची पेटी, दाराशी स्टोव्हची जागा. मॅटाडोरचा ड्राइव्ह पुढच्या चाकांना असतो, मागे शाफ्ट जात नाही, म्हणून फ्लोअर सपाट आणि बुटका. आई आत बसून पोळ्या लाटायची. मे महिन्यात कोकण, आषाढीची गर्दी ओसरली की पंढरपूर, आणि घाटात इंजिन तापलं की कडेला चहा. बाबा गेल्यावर गाडी गावी वाड्यामागे उभी राहिली. मग दादाने मनावर घेतलं, पोरांना याच गाडीतून एकदा कोकणात न्यायचं.

गॅरेजवाला दादाला मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून सापडला. गाडी बघायला आला तेव्हा गिअरबॉक्सबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. बाबांबद्दल मात्र तासभर विचारत बसला. कुठे कुठे जायचात, पलंगावर कोण झोपायचं, स्टोव्ह कुठला होता. आईचे डोळे भरून आले आणि तिने त्याला जेवायला थांबवलं. माझं आज स्पष्ट मत आहे की तो तासभर अंदाजपत्रकच काढत होता.

साडेतीन लाखांत पत्राकाम, इंजिनचं फुल काम, रंग आणि कागदपत्रं असं ठरलं. लाखभर ॲडव्हान्स गेला आणि बघता बघता गाडी पूर्ण मोकळी झाली. दारं एकीकडे, इंजिन दुसरीकडे, काचा कुठल्याशा शेडमध्ये. त्याचा वेग बघून दादा खूश. खरी गोम इथेच आहे. खोललेली गाडी दुसऱ्या गॅरेजात नेता येत नाही, आणि कुठला बोल्ट कुठला हे खोलणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्यानंतरचा प्रत्येक फोन पैशासाठी. चॅसी सडलीय, चाळीस हजार वाढतील. पुढच्या ॲक्सलचे जॉइंट कुठे मिळत नाहीत, कुर्ल्याहून आणावे लागतील, रोख द्या. पैसे थांबवले की काम बंद, आणि वर पाऊस तोंडावर आलाय, उघडा पत्रा गंजेल, अशी प्रेमळ आठवण.

सगळ्यात हुशार थाप कागदपत्रांची होती. विंटेज नोंदणी, म्हणजे फार जुन्या गाड्यांची खास नोंदणी, करून देतो, सरकारी फी २० हजार, असं त्याने सांगितलं. दादाने शोधून पाहिलं तर फी खरोखरच तेवढी निघाली. केंद्राच्या २०२१ च्या विंटेज नियमांत ती आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात तेही खरं. दादाने तिथेच वाचन थांबवलं. त्याच नियमांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, म्हणजे आमची २०३६ पर्यंत विंटेज होणंच शक्य नाही. शिवाय मूळ रूपात मोठे बदल झालेले नकोत. आणि कहर म्हणजे विंटेज नंबराची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, अशाच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. ज्या कोकणासाठी हा सगळा खटाटोप, तिथे जाणंच नियमाबाहेर ठरलं असतं! अशा गाडीला लागतं ते साधं नोंदणीचं नूतनीकरण, पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, गाडी आरटीओला दाखवून. पलंगासारख्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तो विषय वेगळा.

संशय आईला आला. सडलेल्या चॅसीचे म्हणून जे फोटो आले होते ते तिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, ही आपली गाडीच नाही. स्टोव्ह हलू नये म्हणून बाबांनी फ्लोअरला लोखंडी कडी वेल्ड करून घेतली होती. फोटोतल्या जुन्या फ्लोअरवर कडी नव्हती, कडी कापल्याची खूणही नव्हती, आणि रंगाखाली हिरवा थर दिसत होता. आमची गाडी पहिल्यापासून निळी.

मग भोसरीतल्या ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन न सांगता गेलो. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या नव्या पत्र्यावर फिरवलं. ते जागोजागी सुटून पडत होतं, कारण आत नुसती पुट्टी भरलेली. इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी जुळेना. आमचं इंजिन होतं ओएम ६१६, मर्सिडीजच्या डिझाइनचं डिझेल. तेच बजाज टेम्पोच्याच ट्रॅक्स गाडीतही येत असल्याने चालू इंजिनाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आमच्या वाट्याला कुठल्याशा भंगारातलं, जाम झालेलं इंजिन ठेवलं होतं. नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत इंजिनाचा आणि चेसिसचा असे दोन्ही नंबर तपासतात, तेव्हा गाडी तिथेच अडकली असती.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, माझी मजुरी बाकी आहे, गाडी हलू देणार नाही. ही नुसती दादागिरी नाही, त्याला थोडा कायद्याचा टेकू आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मेहनतीचं काम केलेल्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच, आणि काम ठरल्याप्रमाणे झालं असेल तरच. आमच्याकडे करार नव्हता, व्हॉट्सॲपवरचे अंगठे होते. तेव्हा गाडी देण्याआधी स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की पैशाचा वाद झाला तरी गाडी अडवता येणार नाही, आणि पुढचा हप्ता आधीचं काम डोळ्यांनी बघितल्यावरच, तोही बँकेतून. चेसिस आणि इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, खाली गॅरेजवाल्याची सही घ्या.

पोलीस चौकीत 'दिवाणी मामला आहे' हे ऐकायची तयारी ठेवा. तरी लेखी अर्ज द्या, त्यात भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६ (विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक) लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जाची पोच बघून आमचा गॅरेजवाला जरा नरमला आणि सांगाडा तरी परत मिळाला. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. कामासाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सर्वांत कामी आली ती बाबांनी जपून ठेवलेली विम्याची जुनी पॉलिसी, दोन्ही नंबर छापलेली.

प्रकरण आयोगापुढे आहे, म्हणून गॅरेजचं नाव देत नाही. त्याचे व्हिडिओ अजून येतात, खाली लोक आपापल्या वडिलांच्या गाड्यांच्या आठवणी लिहितात. आणि पुणे-पिंपरी भागात ट्रॅक्ससाठी ओएम ६१६ कुणाला स्वस्तात मिळत असेल, तर पैसे देण्याआधी इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची आरसी मागा.