एडीआयएस की नेबॉश? आधी राहायचं कुठे ते ठरवा

मे महिन्यात गल्फवाले सुट्टीवर आले की खेडमध्ये दरवर्षी हाच विषय, अमक्याचा मुलगा नेबॉश हा सेफ्टीचा कोर्स करून सेफ्टी ऑफिसर झाला, मग आपल्या बीएस्सीवाल्याने पण करावं का. मी बारा वर्षं लोटे एमआयडीसीत सेफ्टीत आहे, दोन्ही सर्टिफिकेटं आहेत, म्हणून एकदाच सविस्तर टाकतो.

लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून सही करायची तर सरकारमान्य डिप्लोमा लागतो, म्हणजे एडीआयएस (ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी). राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, म्हणजे एमएसबीटीईचा, एक वर्षाचा, नाहीतर सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा. पण खरी गोम अनुभवात आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत इंजिनिअरिंग डिग्रीला २ वर्षं आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या बीएस्सीला ५ वर्षं, तीपण सुपरवायझर लेव्हलची, नुसता ऑपरेटर म्हणून व्हॉल्व्ह फिरवलेला धरत नाहीत. बहुतेक कामगारांची भाषा यायला हवी अशीपण अट आहे, त्यात आपण निवांत, फक्त आता कॉन्ट्रॅक्टवर यूपी-ओडिशाची पोरं एवढी आहेत की काम सुरू करण्याआधीचा सेफ्टीचा टूलबॉक्स टॉक हिंदीतच होतो.

नेबॉश इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट ब्रिटनचं. डिग्रीची अट नाही, एक ओपन बुक पेपर आणि एक रिस्क असेसमेंट, काही महिन्यांत मोकळे. गल्फच्या जाहिरातीत तेच मागतात. पण इथे फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर नुसतं नेबॉश ठेवून भागत नाही, आणि अनुभव शून्य असेल तर तिकडचे पण उभं करत नाहीत, हे क्लासवाले ॲडमिशन घेताना सांगत नाहीत.

कामात पण फरक आहे. आमच्याकडे ऐन पावसात ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, टाकीत माणूस उतरवायचा असतो, फिटर म्हणतो "साहेब, पाच मिन्टाचं काम हाय", आणि तुम्ही गॅस मीटर खाली सोडून बघता, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली. कामाचं परमिट फाडायचं, ब्लोअर लावायला लावायचं, आणि प्रॉडक्शनवाल्याच्या शिव्या खायच्या. हे ज्याला जमत नाही त्याने दोन्ही कोर्स करू नयेत. शिवाय इथे ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सेफ्टी) म्हणजे नुसती सेफ्टी नाही, ३० सप्टेंबरच्या आत प्रदूषण मंडळाला (एमपीसीबी) फॉर्म पाच म्हणजे वर्षाचा पर्यावरण अहवाल, सांडपाणी किती घाण आहे ते सांगणारे सीओडीचे रिपोर्ट, आणि खाडीत मासे मेले की कोळी बांधव गेटवर येतात तेव्हा पुढे पण तुम्हीच.

गल्फमध्ये माझा मावसभाऊ कन्स्ट्रक्शन साइटवर आहे. स्कॅफोल्डिंग, क्रेन, हार्नेस. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, ते पाळून घेणं हेच उन्हाळ्यातलं मोठं काम. पगार जास्त आहे, वाद नाही, पण गणपतीला तो व्हिडिओ कॉलवर असतो. आणि परत येऊन केमिकल प्लांटमध्ये लागायचं म्हटलं तर एडीआयएस नाही, रिॲक्टर कधी बघितला नाही, मग इंटरव्ह्यूत गाडी अडते. उलटं सोपं आहे, इथून तिकडे जाणारे बरेच बघितलेत.

कामगारांच्या सुरक्षेच्या नवीन कायद्यात, म्हणजे ओएसएच कोडमध्ये, ५०० कामगारांवर, धोकादायक प्रक्रियेत २५० वर सेफ्टी ऑफिसर लागतो, जुन्या फॅक्टरी कायद्यात साध्या कारखान्याला हाच आकडा १००० होता. म्हणजे इथे जागा वाढायला हव्यात.

भाच्याला मी आधी प्रॉडक्शनला चिकटवलाय, नेबॉशची फी तशीच बँकेत आहे. पहिल्याच आठवड्यात त्याला दाढी काढायला लावली, मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही म्हणून, तर चार दिवस बोलला नाही माझ्याशी.