शाहूपुरीतलं फ्रेमचं दुकान: काच कुठली लावायची ते इथं कळतं

कोल्हापुरात चित्र फ्रेम करून घ्यायचं असंल तर शाहूपुरीतल्या या दुकानात जावा, मनापासून सांगतोय. पट्टी सगळीकडं मिळते, माउंटही (चित्राभोवती लावायचा जाड पुठ्ठा) सगळे कापून देतात, पण काच गिऱ्हाईकाला दाखवून, समजावून लावणारा माणूस मला इथंच भेटला.

आमच्या काकांनी काढलेलं रंकाळ्याचं वॉटरकलर होतं, संध्यामठाकडची बाजू, खाली पाण्याचा बराच भाग गडद निळा-काळा, आणि हॉलमध्ये लावायचं तर समोरच मोठी खिडकी. मालकांनी चित्र दारात उजेडाला धरलं आणि गडद भागावर तीन काचेचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले. साध्या काचेत रस्त्यावरची रिक्षा स्पष्ट दिसत होती. मॅट काचेत रिक्षा गेली पण पाण्यावर पांढुरकं धुकं पसरलं, आणि कोटिंगवाल्या (चकाकी मारणारा पातळ थर दिलेल्या) काचेत नुसती जांभळट झाक, खाली ब्रशचे फटकारे सगळे दिसत होते. "मॅट काच उजेड कमी करत नाही ओ, नुसता पसरवती," असं म्हणाले आणि ते अगदी खरंय.

साध्या काचेच्या पुढच्या बाजूवरून साधारण 4 टक्के उजेड परत येतो, मागच्या बाजूवरून तेवढाच, म्हणजे 8. आकडा बारका वाटतो, पण चित्रातला काळा रंगच मुळात जेमतेम 4-5 टक्के उजेड परत देतो, आणि खिडकीतलं आभाळ घरातल्या भिंतीपेक्षा कितीतरी उजळ, मग गडद भाग दिसणार कसा. त्यात माउंटमुळं काच कागदापासून लांब राहते आणि मॅट काचेतून चित्र आणखी पुसट होतं. कोटिंगचं काम वेगळं, थर इतका पातळ असतो (मॅग्नेशियम फ्लोराईडचा असंल तर 100 नॅनोमीटरच्या आसपास) की त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या उजेडाच्या लाटा एकमेकींना मारतात. चष्म्याला एआर (अँटी-रिफ्लेक्शन) कोटिंग करतात तेच हे. चांगल्या काचेत परावर्तन 1 टक्क्याच्या खाली येतं.

आता तक्रारी. कोटिंगची काच साध्यापेक्षा कितीतरी महाग पडते, बोटांचे ठसे तिच्यावर जास्त उठून दिसतात, आणि दुकानात ती कायम नसते, मागवावी लागते, त्यामुळं सणाच्या तोंडावर जाऊ नका, सांगितलेल्या तारखेला काम मिळत नाही.

बजेट नसंल तर साधी काच घ्या आणि फ्रेमची वरची कड भिंतीपासून जरा पुढं झुकवून लावून घ्या, म्हणजे काचेत खिडकीऐवजी खालची फरशी दिसते. हेही त्यांनीच सांगितलं, पैसे न घेता. आणि तैलचित्र घेऊन गेलात तर काच विकायच्या मागं लागत नाहीत, वार्निश नीट असंल तर काचेची गरज नाही म्हणून सरळ सांगतात.