गोल्फ जीटीआय: पाम बीचवर राणी, घोडबंदरवर जपून

२०२५ च्या मे महिन्यात भारतात आलेली गोल्फ जीटीआय, म्हणजे फोक्सवॅगनची वेगवान हॅचबॅक, थेट आयात होते, म्हणून तेव्हा किंमत होती ५३ लाख, एक्स-शोरूम. एवढ्या पैशात मोठी एसयूव्ही येते, पण मग ही मजा नाही.

२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद २६५ पीएस, टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) ३७० एनएम. शंभरचा वेग ५.९ सेकंदांत. खरी करामत पुढच्या डिफरन्शियलची, म्हणजे पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेची. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते, आतलं चाक नुसतं फिरत नाही, नाक वळणातच राहतं. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर कॅमेरे असल्याने हे कायदेशीर वेगात वळणावरच अनुभवावं.

ठाण्याच्या घोडबंदर रोडला चित्र बदलतं. टायर २२५/४० आर१८, म्हणजे रुंदी २२५ मिमी आणि रबराची भिंत तिच्या ४० टक्के, जेमतेम ९० मिमी. गायमुखच्या खड्ड्यात जोरात आदळली तर भिंतीला फुगा येतो किंवा रिम वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी ठेवा. ‘मऊ चालते’ म्हणून कमी केलीत तर रिमचं मरण जवळ आलं.

सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये कोरड्यापेक्षा कमी तापतो. तरी इंच-इंच सरकवू नका. पुढे जागा होऊ द्या, मग एकदम न्या.

स्टिअरिंगवर खरी बटणं परत आली, हे उत्तम. एसीची टच पट्टी मात्र वैतागच. मॅन्युअल गिअर तर मिळतच नाही.

गाडी बुटकी आहे, पोट घासेल; सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प आधी तपासा, बुकिंग नंतर.