अर्ध्या इंचाची फट आणि सहा हजारांचा ॲडव्हान्स: बेडसाइड क्रिब घेताना झालेली फसवणूक

बेडसाइड क्रिब दिसायला साधी वस्तू आहे. बाळाचा छोटा पलंग, तीन बाजू उंच, चौथी बाजू चेन उघडली की खाली येते, आणि त्या बाजूने तो आईच्या पलंगाला खेटून पट्ट्यांनी बांधायचा. बाळ स्वतःच्या गादीवर, आई आपल्या गादीवर, आणि रात्री पाजायला घेताना उठून उभं राहावं लागत नाही. सिझरचे टाके ओले असताना हा आधार फार मोलाचा असतो. पण या वस्तूचा सगळा जीव दोन गाद्या जिथे भेटतात त्या सांध्यात आहे. तो नीट बसला नाही तर हातात उरते एक बाजू नसलेली कॉट, आणि ती साध्या चार बाजूंच्या कॉटपेक्षा जास्त धोक्याची. विकणारे नेमकं हेच झाकतात. नाशिकच्या सिडकोतल्या एका घरात काय घडलं ते म्हणूनच बारकाईने लिहीत आहोत.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना चालू होता. तिच्या वडिलांना मोबाइलवर जाहिरात दिसली. फोटो एका परदेशी कंपनीच्या क्रिबचा, किंमत ७,५०० रुपये, म्हणजे त्या कंपनीच्या खऱ्या मालाच्या निम्म्याहून कमी. पत्ता फक्त ‘कॉलेज रोड, नाशिक’. गाळा नंबर नाही, इमारतीचं नाव नाही. फोन केल्यावर पलीकडून उत्तर आलं, “काका, कुठल्याही बेडला एकदम फिट बसतो. दोनच पीस राहिलेत. बाळ यायच्या आधी घरात पाहिजे ना?” सहा हजार रुपये आधी यूपीआयवर, उरलेले पंधराशे माल आल्यावर. पैसे गेले ते कुठल्याशा माणसाच्या वैयक्तिक खात्यात. दुकानाच्या नावाने खातं नव्हतं, ही पहिली खूण होती. दुसरी म्हणजे बिल मागितल्यावर आलेला हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो. त्यावर जीएसटी नंबर होता १३ अक्षरांचा. खरा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की व्यवसायाचं नाव आणि पत्ता दोन मिनिटांत समोर येतो. पैसे पाठवण्याआधीची ही दोन मिनिटं कुणी घालवत नाही, कारण घरात बाळ येणार असतं आणि सगळ्यांनाच घाई असते.

खोकं आलं. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती, कोणत्या देशात बनलं तेही नव्हतं. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आतल्या फ्रेमवर मात्र दोन चकचकीत स्टिकर होते. एक सीई, दुसरा आयएसआयचा. सीई हे चिन्ह बाळाच्या पलंगाला लागूच होत नाही. युरोपात खेळणी, विजेची उपकरणं अशा ठरावीक वस्तूंसाठी ते आहे, त्यामुळे क्रिबवर ते दिसलं की विकणाऱ्याला तरी काही ठाऊक नाही किंवा त्याने मुद्दाम चिकटवलंय. आणि खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा नंबर, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो. इथे वर काही नाही, खाली काही नाही, नुसतं चित्र.

आता मूळ दोष. त्या घरातला पलंग बॉक्स बेड आहे, खाली सामान ठेवायचा, जमिनीपर्यंत बंद. क्रिबचे पाय उलट्या ‘टी’सारखे असतात आणि त्यांची आडवी दांडी दोन्ही बाजूंना बाहेर येते. आईच्या पलंगाकडची बाजू पलंगाखाली सरकायला हवी, तरच वरचा भाग गादीला टेकतो. बॉक्स बेडखाली जागाच नाही. दांडी प्लायला अडली आणि क्रिब साडेचार इंच बाहेर उभा राहिला. साडेचार इंच म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं आणि खांदा सहज जाईल एवढी दरी. बॉक्स बेडसाठी आत दुमडणाऱ्या पायांचे क्रिब मिळतात, पण ते विचारूनच घ्यावे लागतात. आपल्याकडच्या घरांत बॉक्स बेड इतके आहेत की ‘कुठल्याही बेडला बसतो’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबावं.

अमेरिकेतल्या बेडसाइड क्रिबच्या नियमात ही फट अर्ध्या इंचाहून जास्त चालत नाही, तीही क्रिबला ओढ देऊन तपासल्यावर. तुमच्या करंगळीची जाडी साधारण तेवढीच. आणि फट दिसली की घरातली मोठी माणसं मायेपोटी तिथे दुपटं किंवा घडी केलेली चादर कोंबतात. त्यांना हात जोडून सांगा की हे करायचं नाही. कापड दोन-तीन दिवसांत दबतं, खाली सरकतं, वरून फट भरलेली दिसते आणि आत पोकळ होते. बाळ त्यात तोंड खुपसून अडकतं आणि रडायचा आवाजही निघत नाही.

फट पट्ट्यांनी आवळायची असते. पट्टा क्रिबच्या फ्रेममधून निघतो, आईच्या गादीखालून पलीकडच्या बाजूपर्यंत जातो किंवा पलंगाच्या पक्क्या लाकडाला वेढा घालतो, मग बकलमधून ओढून ताणायचा. डबल बेडची रुंदी सहा फूट, म्हणजे १८० सेंटिमीटरच्या आसपास. खोक्यात निघालेले दोन पट्टे टेपने मोजले: प्रत्येकी ९५ सेंटिमीटर. ते पलीकडे पोचूच शकत नाहीत. विकणाऱ्याला फोन लावल्यावर तो म्हणाला, “मग बेडच्या पट्टीलाच बांधा ना काका.” बॉक्स बेडला बांधायला मोकळी पट्टी कुठे असते? तरीही बाजूच्या प्लायला हूक लावून पाहिलं, तर पहिल्याच ताणात बकलची एक जीभ तुटून हातात आली. नखाएवढा पांढुरका तुकडा, मोडलेल्या कडेवर आत बारीक बुडबुडे. अशा पोकळ, ठिसूळ प्लास्टिकवर बाळाला सोपवायचं नाही. बकल हातात घेऊन दहा-बारा वेळा लावा-काढा. प्रत्येक वेळी टक्क आवाज आला पाहिजे आणि पूर्ण जोर लावून ओढल्यावर पट्टा एक सूतही सरकता कामा नये.

उंचीतही तोच प्रकार. जाहिरातीत ‘सहा लेव्हल’ होत्या. सगळ्यात वरच्या लेव्हललाही खाली केलेल्या बाजूचा काठ आईच्या गादीपेक्षा तीन इंच खाली राहिला. असं झालं की आईचं पांघरूण, उशी, झोपेतला हात थेट बाळावर घसरतो. काठ आईच्या गादीच्या वरच्या पातळीशी जुळायला हवा आणि बाळाची गादी त्याहून खाली असायला हवी. युरोपच्या ईएन ११३० या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत तर खाली केलेली बाजूसुद्धा बाळाच्या गादीपासून किमान १२ सेंटिमीटर उंच असावी लागते. शिवाय पायांतली छिद्रं डावी-उजवी जुळत नव्हती. बटण दोन्हीकडे चौथ्या छिद्रात, पण तळ एका बाजूला कललेला. मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने हे लगेच कळतं. काचेची गोटी गादीवर ठेवलीत तरी कळतं.

डोक्याची बाजू मुद्दाम उंच करून ‘पोटशूळ होत नाही, दूध उलटत नाही’ म्हणून विकणारेही आहेत. त्यांना ठाम नकार द्या. उतारावर तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट दबते. अमेरिकेने दहा अंशांपेक्षा जास्त कललेली झोपायची साधनं २०२२ च्या कायद्याने बंद केली, आणि क्रिबच्या कडेने लावायचे मऊ पॅडही त्याच कायद्याने बंद केले. बाळासाठी गादी सपाट आणि टणक, बाळ पाठीवर, आजूबाजूला काहीही नाही. इतकंच. या विक्रेत्याने मात्र ‘बाळंतविडा फ्री’ म्हणून चार लोड, मोहरीची उशी आणि मऊ पॅडचा संच पाठवला होता. तो क्रिबमध्ये ठेवायचाच नव्हता. बाळंतविडा म्हटलं की नको म्हणवत नाही, म्हणूनच तो चिकटवलेला.

गादीचं सांगायचं तर वर फुलाफुलांचं कव्हर, आत अर्ध्या इंचाचे दोन मऊ फोम. तळवा दाबून उचलला तर खळगा तसाच राहिला. चांगल्या गादीवर हाताचा ठसा लगेच भरून येतो, आणि गादी व बाजूची जाळी यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसते. तळाची फळी चार तुकड्यांची घडीची, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची), मधल्या जोडाला आधार नाही. पाच किलोची तांदळाची पिशवी मधोमध ठेवल्यावर ती खचली. नाशिकचा पावसाळा निघाला की असं एमडीएफ कडेने फुगतं आणि बिजागरीचे स्क्रू आपोआप ढिले होतात, त्यामुळे जुना क्रिब घेणाऱ्यांनी तळ उलटा करून पाहावाच. पूर्ण क्रिबचं वजन भरलं साडेचार किलो. चांगल्या बनावटीचा साधारण ८ ते १२ किलो भरतो. चार चाकांपैकी दोनांनाच ब्रेक होते, तेही ढिले. लाकडी दांड्यांचा क्रिब असेल तर दोन दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

आणि ‘तीन वर्षांपर्यंत वापरा’ हे धादांत खोटं. बाजू खाली केलेला क्रिब बाळ हातापायांवर उठायला लागेपर्यंतच, साधारण पाच-सहा महिने. त्यानंतर ते काठावरून पलीकडे जातं.

पैसे देण्याआधी घरीच पाच मापं घ्या, कागदावर लिहा आणि विकणाऱ्याकडून तीच मापं लेखी मागा. जमिनीपासून गादीच्या वरच्या पातळीपर्यंतची उंची. जमिनीपासून पलंगाच्या खालच्या कडेपर्यंतची मोकळी जागा, आणि ती शून्य असेल तर तसं स्पष्ट सांगा. पलंगाची रुंदी. गादीची जाडी. पाचवं माप सगळे विसरतात: पलंगाची बाजूची पट्टी गादीच्या बाहेर किती येते. सागवानी पलंगाला ती इंच-दीड इंच बाहेर असते, आणि मग बाकी सगळं जुळूनही दोन गाद्यांमध्ये तेवढीच फट राहते. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर सासरच्या पलंगाचीही हीच मापं घ्या. सव्वा महिन्याने क्रिब तिकडे जाणार असतो आणि तिथला पलंग वेगळा असतो.

या घरी माल परत घेण्याचा विषय काढल्यावर विकणारा म्हणाला, “खोकं उघडलंत, आता फक्त एक्स्चेंज.” हे कायद्यात बसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घेऊन बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दोन दिवसांनी त्याने ‘रिफंडसाठी’ म्हणून क्यूआर कोड पाठवला. सुदैवाने मुलीने वेळेत अडवलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

असं झालं तर वेळ दवडू नका. पैशांची फसवणूक वाटत असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, आणि यूपीआय ॲपमध्ये व त्याच दिवशी बँकेत तक्रार. मालाच्या दोषासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विकणारा कुठेही असो, नाशिकच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. पुराव्यात लागतं ते एवढं: जाहिरातीचे स्क्रीनशॉट (पेज गायब व्हायच्या आत), यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खोक्याची टेप कापण्याआधीपासून न थांबवता काढलेला व्हिडिओ, आणि टेप लावून काढलेले फोटो. ‘बसत नाही’ असं लिहिण्यापेक्षा ‘पट्टा ९५ सेंटिमीटर, पलंग १८० सेंटिमीटर’ असं लिहा.

तक्रार मिटेपर्यंत तो क्रिब टाकू नका. आणि कितीही राग आला, पैसे बुडाल्याचं कितीही वाईट वाटलं तरी दुसऱ्या घरच्या बाळासाठी स्वस्तात विकू नका. सिडकोतल्या त्या घरात तो पट्टे काढून, घडी करून, ‘वापरू नये’ असा कागद चिकटवून गॅलरीत उभा आहे. बाळ चार बाजूंच्या साध्या लाकडी कॉटमध्ये झोपतं. कॉट आईच्या पलंगापासून हातभर अंतरावर आहे, मध्ये पूर्ण मोकळी जागा ठेवून.