मोठ्या अक्षरांतले मराठी पवित्र शास्त्र : आईसाठी घेतलेली प्रत

आईची नजर मंदावल्यामुळे तिच्यासाठी मोठ्या अक्षरांतले मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतले, त्याला आता वर्ष होत आले आहे. अक्षर ठसठशीत आहे, जोडाक्षरे स्वच्छ उमटली आहेत आणि ओळींमध्ये पुरेसे अंतर आहे. त्यामुळे संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत स्तोत्रे वाचण्याचा मान पुन्हा तिच्याकडे आला, याचा आम्हां सर्वांना मनापासून आनंद आहे.

स्तोत्र 103 च्या आठव्या वचनात परमेश्वराला ‘मंदक्रोध’ म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’, म्हणजे ज्याचा श्वास रागाने चटकन तापत नाही असा, होतो. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात देवाने इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याच्यासमोर स्वतःचे जे वर्णन केले, त्याचाच हा पडसाद आहे. आई त्या शब्दावर बोट ठेवून क्षणभर थांबते, आणि देवाने काय दिले याआधी तो कसा आहे यासाठी त्याची स्तुती करावी, हे आम्हांला तिथे उमगते. स्तोत्र 136 मध्ये 26 वचने आहेत. प्रत्येकाचा पूर्वार्ध ती वाचते आणि ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद आम्ही सारे म्हणतो, धाकटी नात सगळ्यांत मोठ्याने.

कागद मात्र पातळ असल्याने मागची छपाई दिसते, आणि ग्रंथ जड असल्याने मांडीवर उशी घ्यावी लागते. बांधणी मजबूत आहे. घरात वयस्क मंडळी असतील, तर ही प्रत अवश्य घ्यावी.