इव्हान विल्यम्स पांढरं लेबल की ओल्ड ग्रँड-डॅड बॉन्डेड?

केंटकीच्या दुर्मीळ, महागड्या बाटल्यांमागे सगळे धावतात आणि ही दोन स्वस्त बर्बन (मुख्यतः मक्यापासूनची अमेरिकी व्हिस्की) खालच्या फळीवर दुर्लक्षित राहतात. दोन्ही ‘बॉटल्ड इन बॉन्ड’. 1897 च्या अमेरिकी कायद्याने अशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान 4 वर्षं मुरलेली आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलची असावी लागते. स्वस्त बाटलीला एवढी हमी मिळते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

खरा फरक धान्यात आहे. इव्हान विल्यम्स हेवन हिल या कंपनीची. तिच्यात मका 78 टक्के, राय (गव्हासारखं एक तिखटसर चवीचं धान्य) जेमतेम 10 टक्के. म्हणून कॅरमेल, व्हॅनिला आणि जळक्या ओकचा सरळ गोडवा. बर्फ टाकला तरी चव टिकते.

ओल्ड ग्रँड-डॅड जिम बीम या कंपनीची. हिच्यात राय तब्बल 27 टक्के! दालचिनी, मिरी, संत्र्याची साल असं काय काय जिभेवर उमटतं आणि घोट उतरल्यावरही तिखटपणा रेंगाळतो. (लेबलवरचे आजोबा म्हणजे बेसिल हेडन, जास्त राय वापरणारे जुने डिस्टिलर.) आधी नुसतीच चाखा, मग चमचाभर पाणी घाला, झणका उतरतो, गोडवा वर येतो. ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करायचं तर साखर आणि बिटर्समध्येही (कडवट अर्काच्या थेंबांमध्येही) ती हरवत नाही.

बर्बनची नुकतीच ओळख होत असेल तर इव्हान विल्यम्स घ्या. मी मात्र ओल्ड ग्रँड-डॅडच उचलेन.